हॅण्डलची डावी बाजू

टेबलावर काळ्या टेपच्या दोन गुंडाळ्या होत्या, बोटभर लांबीचे दोन सुटे तुकडे, हॅण्डलच्या टोकांत बसणारी दोन बुचं, एक कात्री, इन्सुलेशन टेपचं एक रीळ, चंदेरी शाईचं एक पेन, अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच्या खुणा असलेली स्टीलची एक पट्टी आणि वाटीतल्या पाण्यात बुडवून ठेवलेली हातमोज्यांची एक जोडी. सायकलच्या दुकानाच्या मागच्या खोलीत माणसं चार होती. हात मात्र साडेसात. हा हिशेब थोरलीनेच केला, आणि मोठ्याने केला, म्हणजे बाकीच्यांना मनातल्या मनात करायला नको.

"आठ म्हण की," पुढच्या खोलीतून उठून दाराशी येऊन उभी राहिलेली आई म्हणाली. "सुधारतोय ना तुझा हात."

"सुधारला की आठ म्हणेन. आज साडेसात."

स्टॅण्डला डॉक्टरीणबाईंची रेसिंग सायकल टांगलेली होती. मेंढ्याच्या शिंगांसारखं पुढे जाऊन खाली वळलेलं तिचं हॅण्डल उघडं होतं. जुनी टेप निघाली होती, गोंदाचे डाग स्पिरिटने पुसले होते आणि ब्रेकच्या दोन्ही लिव्हरांवरची रबरी टोपणं उलटी दुमडून ठेवली होती. उघडं हॅण्डल नेहमी असतं त्यापेक्षा बारीक दिसतं. ओल्या मांजरासारखं.

डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर. दुसऱ्या दिवशी त्यांची शर्यत होती आणि त्या शर्यतीत एक लांबलचक उतार होता. त्या स्टुलावर बसून चहा पीत होत्या. आपल्या सायकलवर आज काय पणाला लागलंय हे त्यांना अर्ध्या तासापूर्वी सांगण्यात आलं होतं, आणि त्या घरी जायचं सोडून थांबल्या होत्या.

"माझ्याच सायकलवर का, एवढंच सांगा," त्या म्हणाल्या.

"कारण तुम्ही सगळ्यांत जास्त खुसपटं काढता," थोरली म्हणाली.

"हे खरंय," बाबा म्हणाले. त्या दिवशी दोघांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

वादाला तोंड फुटलं होतं दोन दिवसांपूर्वी, बेकरीवाल्याच्या मागच्या ब्रेकवरून.

त्याच्याही सात महिने आधी, थोरली सायकलवरून घरी येत असताना कडेला उभ्या असलेल्या एका मोटारीचं दार अचानक उघडलं आणि ती त्यावर आदळली. डाव्या मनगटाचं हाड जुळलं, पण त्याच्या शेजारून जाणारी नस दुखावली ती दुखावलीच. अंगठा आणि पहिली दोन बोटं पूर्वीसारखी होती. अनामिका आणि करंगळी मात्र बोलावल्यावर येईनात. आलीच तर कामचुकार पोरांसारखी उशिरा, आणि तीही अर्ध्या मनाने. चिमटीत धरता यायचं, पण मुठीत ओढून ठेवता यायचं नाही.

हॅण्डलची टेप गुंडाळायचं सगळं काम तर ओढून ठेवण्याचंच. टेप खालच्या टोकापासून सुरू करायची, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर तिसरा हिस्सा चढवायचा आणि वर मधल्या जाड भागापर्यंत जायचं. फेरे नेहमी वरून बाहेरच्या अंगाला, कारण खाली वाकून जोर लावणाऱ्या माणसाचे हात बाहेरच्या बाजूला पिळले जातात. तसं गुंडाळलं तर त्याच्या जोराने टेप आवळली जाते, उलटं गुंडाळलं तर सुटते. आणि एक हात हॅण्डलखालून टेप दुसऱ्या हाताकडे देतो तो क्षणभर ताण कमी होता कामा नये. झाला तर तो फेरा कायमचा ढिला.

थोरलीने यावर तोड काढली होती. डाव्या हाताने ओढायचंच नाही, दाबायचं. फेरा खालून आला की डाव्या अंगठ्याने तो हॅण्डलवर जागच्या जागी दाबून धरायचा, तोवर उजव्या हाताने पकड बदलून घ्यायची. दाबायला मूठ लागत नाही, खांदा पुरतो. याची किंमत एवढीच की मऊ टेपवर प्रत्येक फेऱ्याला खालच्या बाजूने अंगठ्याचा एक उथळ खळगा उमटायचा. वरून दिसायचा नाही. खालून बोट फिरवलं तरच कळायचा.

बेकरीवाल्याची टेप तिनेच लावली होती. तो ब्रेक दाखवायला आला तेव्हा तिने सवयीने हॅण्डलखालून बोट फिरवलं.

गुळगुळीत.

तिने दुसऱ्या बाजूने फिरवलं. तिथेही एक खळगा नाही. "टेप बदललीस का रे कुठे?" तिने विचारलं.

"मी कशाला बदलू? तू लावलीस तीच आहे," बेकरीवाला म्हणाला. "फर्स्ट क्लास आहे. ब्रेकचं बघ."

तिने ब्रेकचं बघितलं, त्याला वाटेला लावलं, आणि मागच्या दाराशी पडलेलं भंगाराचं पोतं जमिनीवर पालथं केलं. झिजलेल्या साखळ्या, फाटक्या ट्यूबा, आणि मधोमध काळ्या टेपचा एक गुंता. तो तिने सोडवला. पट्टीच्या मागचा गोंद अजून बोटाला चिकटत होता. आणि पट्टीवर एकामागोमाग एक खळगे होते, तिच्या अंगठ्याचे.

दुसरी कुणी असती तर पट्टी घेऊन तडक बापाकडे गेली असती. थोरलीने आधी पट्टी टेबलावर सरळ पसरली आणि खळग्यांमधली अंतरं मोजली. चौऱ्याऐंशी मिलिमीटर. त्र्याऐंशी. चौऱ्याऐंशी. पंच्याऐंशी. ताण कमीजास्त झाला असता तर ताणून सोडलेल्या टेपवरची अंतरंही कमीजास्त झाली असती. झाली नव्हती. मग ती बापाकडे गेली.

"हे काय आहे?"

बाबा चाकाच्या तारा घट्ट करत होते. "टेप."

"कुणाची?"

"असेल कुणाची तरी जुनी."

"जुन्या टेपला घामाचा वास येतो, बाबा. हिला अजून कारखान्याचा येतोय."

बाबांनी चाक थांबवलं. पुढच्या खोलीतून, गल्ल्यावरून, आईचा आवाज आला, "मी म्हटलं होतं, पोत्यात टाकू नका म्हणून."

"म्हणजे तुलाही माहीत होतं!"

"मला या घरात काय माहीत नसतं?"

"किती सायकली उलगडल्यात?" थोरलीने बाबांना विचारलं.

"तीन," बाबा म्हणाले.

"चार," आई म्हणाली.

दुकानात एक नियम होता, आणि तो बाबांनीच घातला होता. टेप लावून झाली की हॅण्डलच्या खालच्या अंगाने, सगळ्या फेऱ्यांवरून, चंदेरी पेनाने एक सरळ रेघ ओढायची. मग ओले हातमोजे घालून हॅण्डल पकडायचं आणि अंगातला सगळा जोर लावून दहा पिळे द्यायचे. फेरे सरकले तर रेघ तुटते. जिथे सगळ्यांत जास्त तुटली असेल तिथे मोजायचं. दोन मिलिमीटरपर्यंत पास. त्यावर गेलं तर सगळं उलगडून पहिल्यापासून. तरुणपणी बाबांनी घाईत गुंडाळलेली एक टेप पावसाळी उतारावर फिरली होती आणि त्यांचा मित्र खांद्यावर पडला होता. त्याचा तो खांदा अजून कानाशी लागलेला आहे. नियम तेव्हापासूनचा. शिकाऊ असो, थोरली असो की खुद्द बाबा असोत, रेघ सगळ्यांना.

"माझ्या टेपांवर रेघ ओढली होतीत?" थोरलीने विचारलं. "कितीने सरकल्या?"

बाबांनी खालचा पाना उचलला.

"न पिळताच उलगडल्यात?"

"अगं, तू घरी गेलीस की माझ्या डोळ्यांपुढे तेच येतं. उतार, ओले हात, आणि—" बाबांनी पान्याने हवेत काहीतरी खाली पाडल्यासारखं केलं. "आणि तू गुंडाळताना जी काय ओढाताण करतेस ती मला बघवत नाही."

"मग बघू नका. तोंड फिरवा. पण उलगडू नका."

"मी तुझ्या भल्यासाठीच—"

"नापास करायचं तर करा, बाबा. तुमचं दुकान आहे. पण परीक्षा घेऊन करा! पेपर न तपासता भोपळा देताय आणि वर मला दोन महिने शाबासकी. बेकरीवाला म्हणाला, फर्स्ट क्लास. मी घरी जाऊन आरशात बघून हसले, माहितीये? तुमच्या टेपवर हसले मी."

हे शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज चिरकला, आणि त्याचा तिला एवढा राग आला की ती तेच वाक्य पुन्हा, नीट आवाजात बोलली.

बाबा खाली बसले. बराच वेळ चाकाची तीच एक तार बोटाने वाजवत राहिले. मग म्हणाले, "गल्ल्यावर बस, थोरले. तिथे डोकं लागतं, ते तुझ्याकडे आहे. आईलाही दुपारी घरी जाता येईल."

"आईला घरी जायचंय असं आई कधी म्हणाली?" आतून आवाज आला. "ही माझी खुर्ची आहे. बापलेक मिळून माझ्या खुर्चीवर टपलेत."

अशा रीतीने ठरलं. पुढची जी रेसिंग सायकल येईल तिची एक बाजू बाबांनी गुंडाळायची, दुसरी थोरलीने. दोन्हींवर रेघ. दोनच्या वर गेलं तर थोरली गल्ल्यावर बसेल आणि पुन्हा टेपचं नाव काढणार नाही. दोनच्या आत राहिलं तर तिने लावलेल्या टेपला कुणी हात लावायचा नाही, झोप येवो न येवो.

पुढची सायकल डॉक्टरीणबाईंची आली.

"उजवी घे," आता बाबा म्हणाले. "तुला सोपी जाईल."

ते खरंच होतं. डाव्या बाजूला फेरे उलट दिशेने जातात आणि ओढ नेमकी डाव्या हाताकडे येते.

"डावी," थोरली म्हणाली.

"हट्टी आहेस."

"कुणावर गेलेय?"

"माझ्याकडे बघू नका," आई म्हणाली.

बाबांनी उजवी बाजू सुरू केली. त्यांना बघणं हा एक वेगळाच कार्यक्रम असे. डॉक्टरीणबाईंनी कप खाली ठेवला. टेप बाबांच्या दोन्ही हातांतून अशी जात होती की हात बदलले कधी ते कळू नये. प्रत्येक फेऱ्याची कड आधीच्या कडेपासून तेवढ्याच अंतरावर, शंखावरच्या रेघांसारखी. लिव्हरपाशी उघडी राहणारी जागा झाकायला त्यांनी मागच्या बाजूने सुटा तुकडा लावला, त्यावरून एक तिरका फेरा नेला, रबरी टोपण खाली सोडलं आणि वर निघाले. शेवटी टेपचं टोक तिरकं कापलं, त्यावर इन्सुलेशन टेपचे वेढे घातले, खालच्या टोकात बूच ठोकलं. शिट्टी वाजवायचे ते एरवी अशा वेळी. आज वाजवली नाही.

"झालं माझं," ते म्हणाले, आणि तोंड न फिरवता तिथेच उभे राहिले.

थोरलीने डाव्या खालच्या टोकाशी टेपची अर्धी रुंदी, नंतर बुचाबरोबर आत दाबायला, बाहेर सोडून पहिला फेरा घेतला. दाबला. पकड बदलली. ओढली. दुसरा. दाबला. खोलीत टेपच्या मागचा कागद सुटण्याचा आवाज तेवढा येत होता. वळण आलं. वळणावर बाहेरच्या अंगाला फेरे विरळ होतात आणि आतल्या अंगाला दाटतात, तिथे हॅण्डल उघडं पडू नये म्हणून थोडं जास्त चढवावं लागतं. तिने चढवलं. तिच्या कपाळावरून घामाचा एक थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"पुसू का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नको. तोही हातच धरला जाईल."

लिव्हरपाशी ती आली तेव्हा डावा हात थकला होता, हे तिच्याइतकंच बाबांनाही दिसत होतं. इथे अंगठा दाबायला सपाट जागा मिळत नाही. एका बाजूला लिव्हरचा उंचवटा, दुसऱ्या बाजूला ब्रेकच्या तारेचा फुगवटा. तिने सुटा तुकडा लावला, तिरका फेरा घेतला, अंगठा टेकवला. अंगठा घसरला. टेप सैल झाली, आणि तिच्यामागे आधीचा फेराही सुटला.

बाबांचा हात पुढे आला. तो त्यांनी आणला नव्हता, आपोआप आला होता. चाळीस वर्षं सैल टेप दिसली की जाणारा हात तो.

"हात मागे," थोरली म्हणाली.

"अगं, नुसता धरतो, तू पुढे—"

"बाबा. हात. मागे."

बाबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत अडकवले.

"पुन्हा लावलं तर गोंद कमी धरेल," ते हात पाठीमागेच ठेवून म्हणाले. "हे मी बाप म्हणून सांगत नाहीये. मेकॅनिक म्हणून सांगतोय."

"माहितीये. मीही मेकॅनिकच आहे."

तिने चार फेरे मागे उलगडले. वळणाच्या खाली, जिथे टेप पक्की होती तिथपर्यंत. क्षणभर थांबली. मग अंगठा सोडून दिला. डावं मनगट वळवून तळहाताची टाच, अंगठ्याच्या मुळाशी असते ती मांसल गादी, लिव्हरमागच्या खोबणीत घातली आणि खांद्यापासून भार दिला. दिसायला ते काही फार बरं नव्हतं. ती हॅण्डलवर कोपर वर काढून अशी वाकली होती की जणू कुणाला खिडकीतून बाहेर ढकलतेय. पण टेप हलली नाही. तिरका फेरा. दाब. पकड. वर.

"माझ्याकडे अक्कलदाढ काढताना मी अशीच उभी राहते," डॉक्टरीणबाई आदराने म्हणाल्या.

वरचा सरळ भाग सोपा होता. तिने टोक तिरकं कापलं, वेढे घातले, बूच तळहाताने ठोकून बसवलं. डाव्या बाजूच्या कडा बाबांच्या कडांइतक्या एकसारख्या नव्हत्या. लिव्हरच्या वर एक फेरा केसभर रुंद पडला होता. तो सगळ्यांना दिसला.

"रुंद आहे तो," थोरली म्हणाली. "सोळावा. दिसतोय मला."

आता पिळायचं कुणी, हा प्रश्न आला. बाबांनी हातमोज्यांकडे हात नेला.

"तुम्ही नाही," थोरली म्हणाली. "तुम्ही माझ्या बाजूला हळू पिळाल."

"मी? हळू?"

"दया म्हणून. आणि मी पिळलं तर मला स्वतःवरच संशय येईल. डॉक्टर, तुम्ही."

डॉक्टरीणबाई उठल्या. बाह्या सारल्या. ओले हातमोजे घालताना त्यांनी बोटं एकेक करून ओढून घेतली, नेहमीच्या सवयीने. "आधीच सांगते, थोरले," त्या म्हणाल्या, "माझ्या हातात आलं ते सहसा निघतं."

"म्हणूनच तुम्ही."

"आणि काकांपेक्षा कमी सरकायला हवं, असं आहे का?"

"नाही," थोरली म्हणाली. बोलताना ती डॉक्टरीणबाईंकडे नाही, बाबांकडे बघत होती. "दोनच्या आत राहायला हवं. बाबांपेक्षा चांगलं करून दाखवायला मी इथे उभी नाही. बेकरीवाल्यासाठी दोन, तुमच्यासाठी दोन, बाबांसाठी दोन. मला तीन नकोत आणि मला शून्यही लावायचं नाही. रेघ सगळ्यांना एकच आहे ना, बाबा?"

"एकच," बाबा म्हणाले.

थोरलीने पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि दोन्ही बाजूंना खालून चंदेरी रेघ ओढली. आईने गल्ल्याला कुलूप लावलं, आयुष्यात पहिल्यांदाच भर दुपारी, आणि आत येऊन उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी उजवी बाजू धरली. पिळली. स्टॅण्ड करकरला. त्यांच्या मानेची शीर उभी राहिली, हातमोज्यांतून पाणी निथळून फरशीवर पडलं. दहा झाले तसं त्या बाजूला झाल्या आणि थोरलीने वाकून पट्टी लावली, कारण बाबांची बाजू तिने मोजायची आणि तिची बाबांनी, असं ठरलं होतं.

"एक," ती म्हणाली.

मग डावी. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे पुन्हा वाटीत बुडवले, झटकले, आणि खाली वाकून धरलं. त्यांनी हळू पिळलं असं कुणाला म्हणता आलं नसतं. सहाव्या पिळाला सायकलचं मागचं चाक आपोआप फिरलं. आठव्याला आईने डोळे मिटले. थोरलीने मिटले नाहीत. तिने डावा हात उजव्या हातात धरून ठेवला होता, तेवढंच.

"दहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि हातमोजे काढले.

बाबा गुडघ्यावर बसले. चष्मा कपाळावर सारला, मान तिरकी करून रेघ खालून वरपर्यंत बघत गेले. वळणापाशी थांबले, पुढे गेले. लिव्हरमागे, चार फेरे पुन्हा लावले होते तिथे, रेघ तुटली होती. त्यांनी पट्टी लावली. काढली. खिशातल्या रुमालाने पट्टीवरचं पाणी पुसलं आणि पुन्हा लावली.

"बोला की," आई म्हणाली. "दोनपर्यंत चालतं ना?"

"थांब." त्यांनी पट्टी उलटी करून, दुसऱ्या टोकाकडून, तिसऱ्यांदा लावली. रेघेचं एक टोक शून्यावर आणलं आणि दुसरं वाचलं.

"दीड मिलिमीटर," ते म्हणाले.